कारासाउ : सार्डिनियाच्या मेंढपाळांची शिदोरी

पाने कारासाउ ही इटलीच्या सार्डिनिया बेटावरची कागदासारखी पातळ आणि कडक गव्हाची रोटी. रवा, पाणी, मीठ आणि आंबवण या चारच जिनसांची. पण दोनदा भाजलेली. पहिल्या भाजणीत ती फुलक्यासारखी टम्म फुगते. मग तिचे दोन पापुद्रे सोडवून वेगळे करतात आणि प्रत्येक पापुद्रा पुन्हा भट्टीत शेकून कडकडीत करतात. कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवली तर ही रोटी महिनोन्महिने टिकते. जुनी माणसे तर वर्षभराची खात्री देत. मेंढ्यांमागे घरापासून दूर राहणाऱ्या पुरुषांची ती शिदोरी होती. आज ती युरोपभरच्या दुकानांत पाकिटांतून मिळते, पण तिचा आकार, जाडी, कडकपणा हे सगळे ठरले ते डोंगरातल्या मेंढपाळ घरांच्या गरजेने.

नावातला ‘पाने’ म्हणजे पाव. लॅटिनमधल्या ‘पानिस’ या शब्दापासून तो आला आणि पोर्तुगीजांमार्फत मराठीत आलेला आपला ‘पाव’ हा शब्दही त्याच मुळाचा. ‘कारासाउ’ हा सार्डिनियाच्या भाषेतला शब्द. ‘कारासारे’ म्हणजे भाजलेली रोटी पुन्हा शेकून कडक करणे. त्या क्रियेवरून रोटीचे नाव पडले. ओर्गोसोलो, ओलिएना अशा काही गावांत शब्दाच्या सुरुवातीचा ‘क’ घशातच अडवतात, त्यामुळे तिथे ‘आरासाउ’सारखे काहीतरी ऐकू येते. बेटाच्या इतर भागांत याच जातीच्या रोटीला ‘पाने फीने’, म्हणजे पातळ रोटी, किंवा ‘फ्रेसा’ म्हणतात. मुख्य भूमीवरच्या इटालियन लोकांनी तिला ‘कार्ता दा म्युझिका’ हे नाव दिले. त्याचा अर्थ संगीताचा, म्हणजे स्वरलिपी लिहिण्याचा कागद. रोटी त्या कागदासारखी पातळ असते आणि दाताखाली आली की कडाकडा वाजते, म्हणून हे नाव. मराठी वाचकाला ‘पाने’ म्हटले की वहीची पाने आठवतात. शब्दाचा संबंध काही नाही, पण एकावर एक रचलेल्या कारासाउच्या चळतीकडे पाहिले तर तेच मनात येते.

सार्डिनिया हे भूमध्य समुद्रातले सिसिलीखालोखाल दुसरे मोठे बेट. क्षेत्रफळ सुमारे २४ हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या सोळा लाखांच्या आसपास आणि मेंढ्या जवळजवळ ३० लाख. माणसांपेक्षा मेंढ्या दुपटीच्या घरात असलेला हा मुलूख. इटलीतल्या एकूण मेंढ्यांपैकी निम्म्याच्या आसपास मेंढ्या एकट्या या बेटावर आहेत. बेटाच्या मध्यभागी जेन्नारजेन्तू हा डोंगराळ प्रदेश आहे. त्यातले सर्वांत उंच शिखर १८३४ मीटर. या डोंगरांच्या कुशीतला भाग म्हणजे बार्बाजा. इ. स. पूर्व २३८ मध्ये रोमने हे बेट कार्थेजकडून बळकावले आणि तिथल्या मैदानी भागाला आपले धान्याचे कोठार केले. मधला डोंगराळ भाग मात्र रोमला सहजासहजी वाकला नाही. रोमन लोकांनी त्याला ‘बार्बारिया’ म्हटले आणि त्याचेच आज ‘बार्बाजा’ झाले आहे. नुओरो हे या टापूतले मोठे गाव. ओलिएना, ओर्गोसोलो, मामोयादा, फोन्नी ही आसपासची. कारासाउचे माहेर हेच.

या भूगोलाचा परिणाम ताटात सरळ दिसतो. दक्षिणेच्या कांपिदानो मैदानात गहू मुबलक, शेतकरी संध्याकाळी घरी परतणारा, म्हणून तिथला पाव जाड, गुबगुबीत आणि आतून मऊ. ‘चिव्रार्जू’ नावाचा तिथला मोठा पाव प्रसिद्ध आहे. पूर्वेकडच्या ओल्यास्त्रा भागात ‘पिस्तोक्कू’ नावाची रोटी करतात. तीही दोनदा भाजलेली, पण कारासाउपेक्षा जाड. खाताना तिच्यावर पाणी शिंपडून ती मऊ करून घेतात. डोंगरात, जिथे माणसाला घर सोडून सर्वांत लांब जावे लागे, तिथे रोटी सर्वांत पातळ आणि सर्वांत कोरडी झाली.

बार्बाजाच्या डोंगरात हिवाळ्यात बर्फ पडते. फोन्नी हे गाव तर समुद्रसपाटीपासून १००० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे शरद ऋतू सरताना मेंढपाळ आपले कळप घेऊन खाली उतरत आणि मैदानांत किंवा समुद्राकाठच्या सखल कुरणांत हिवाळा काढत. उन्हाळा तोंडावर आला की परत वर. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मे-जून असा हा मुक्काम असे. दिवाळीनंतर घाटमाथ्यावरून मेंढ्यांसह खाली उतरणारे धनगरांचे वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. फरक असा की धनगराच्या वाड्याबरोबर बायकापोरे, चूल आणि बिऱ्हाड सगळेच चालत असते. सार्डिनियात मात्र बायका गावात राहत. पुरुष आणि हाताखालची पोरे तेवढी कळपाबरोबर जात. दगडाच्या गोल भिंतीवर फांद्यांचे शाकारलेले छप्पर अशा ‘पिन्नेत्ता’ नावाच्या खोपटात ती राहत. तिथे चीज करायला विस्तव असे, पण रोटी भाजायची भट्टी नसे. दूध, चीज, रानातली भाजी मिळे, कधी मांसही. रोटी मात्र गावातूनच यावी लागे आणि पुढची खेप येईपर्यंत पुरावी लागे. म्हणजे ती न नासणारी हवी, वजनाला हलकी हवी आणि थोड्या जागेत मावणारी हवी.

कारासाउ या तिन्ही कसोट्यांना उतरते. साध्या पावात वजनाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पाणी असते; कारासाउत ते अगदी नाममात्र उरते. तेव्हा तेवढ्याच वजनात मेंढपाळाच्या पाठीवर जास्त अन्न जाई. ‘तास्केद्दा’ नावाची कातडी पिशवी तो पाठीला लावी. त्या पिशवीत बसावी म्हणून काही रोट्या दुसऱ्या भाजणीआधी, मऊ असतानाच दुमडून अर्धचंद्राकार करत आणि मग कडक करत. गोल रोटी घरासाठी, दुमडलेली रानासाठी.

ही रोटी नेमकी कधीची, याबद्दल पर्यटकांच्या माहितीपत्रकांत तीन हजार वर्षांचा आकडा सर्रास छापलेला असतो. सार्डिनियात कांस्ययुगापासून ‘नुरागे’ नावाचे दगडी बुरूज बांधले गेले. सुमारे सात हजार बुरुजांचे अवशेष आजही उभे आहेत आणि त्यांतल्या बारूमिनीच्या बुरुजाला १९९७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. या वस्त्यांत धान्य दळायचे दगड सापडले आहेत, म्हणजे धान्य दळून खाल्ले जात होते हे निश्चित. पण दळणाच्या दगडावरून थेट आजच्या कारासाउपर्यंत उडी मारणे बरोबर नाही. दोन पापुद्रे वेगळे करून पुन्हा भाजण्याची रीत हे स्वतंत्र कसब आहे आणि त्याला चांगली तापणारी, घुमटाची भट्टी लागते. प्राचीनतेचा डंका पिटल्याने या रोटीचा मान वाढत नाही; तिचे कसबच पुरेसे थोर आहे.

अलीकडच्या काळातला इतिहास जास्त स्पष्ट आहे. १८२० मध्ये सार्डिनियाच्या राजाने जमिनींना कुंपणे घालण्याची मुभा देणारा हुकूम काढला. तोवर पुष्कळशी कुरणे गावाच्या सामाईक वहिवाटीची होती. आता ज्याच्याजवळ पैसा आणि माणसे होती त्याने दगडी भिंती घातल्या आणि आत आलेली जमीन आपली म्हटली. मेंढपाळाला जिथे पिढ्यान्‌पिढ्या फुकट चराई होती तिथे भाडे द्यावे लागू लागले. भिंती पाडण्याचे प्रकार झाले, दंगे झाले. १८६८ च्या एप्रिलमध्ये नुओरोत ‘सू कोन्नोत्तू’, म्हणजे ‘जे पूर्वापार ठाऊक होते ते’, अशी घोषणा देत लोकांनी उठाव केला. सामाईक जमिनी परत द्या एवढीच मागणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रोमच्या चीज व्यापाऱ्यांनी या बेटावर कारखाने काढले आणि मेंढीच्या दुधाला बाजार मिळाला. पेकोरीनो रोमानो हे चीज नावाने रोमचे असले तरी त्याचे बहुतांश उत्पादन आज सार्डिनियातच होते. मेंढ्या वाढल्या, कुरणांचे भाडे वाढले, मेंढपाळ महिनोन्‌महिने बाहेरच राहिला आणि घरोघरच्या भट्ट्या त्याच्यासाठी तापत राहिल्या.

सगळ्यांच्या वाट्याला गव्हाची कारासाउ येत होती असेही नाही. बार्बाजाच्या गरीब घरांत, आणि गडीमाणसांसाठी, जवाची रोटी होत असे. जवाच्या पिठाला चिकाटी नसते, ते लाटताना फाटते, फुगायला नाखूश असते. त्यामुळे तीच रोटी जवाची करायची तर कष्ट कितीतरी जास्त. गव्हाची पांढरी-पिवळी रोटी ही चांगल्या स्थितीची खूण होती. ज्या रोटीला आज सरसकट ‘गरिबांचे अन्न’ म्हटले जाते, तिच्यातही असा उच्चनीच भाव होता.

गहू लागतो तो ‘ड्यूरम’ जातीचा, कठीण दाण्याचा. आपल्याकडे शेवया आणि रव्यासाठी वापरला जाणारा बन्सी गहू याच जातीचा. १९१५ मध्ये नाझारेनो स्त्राम्पेल्ली या इटालियन कृषिशास्त्रज्ञाने ‘सेनातोरे काप्पेल्ली’ नावाचे ड्यूरम गव्हाचे वाण प्रसृत केले. सार्डिनियाच्या कोरड्या जमिनीला ते मानवले आणि तिथे खूप पेरले गेले. पुढे जास्त उतारा देणाऱ्या वाणांमुळे ते मागे पडले. आता काही शेतकरी आणि भट्टीवाले ते आग्रहाने पुन्हा वापरत आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बऱ्याच घरांत दळण घरातच होई. घराच्या एका कोपऱ्यात दगडी जाते असे आणि त्याला जुंपलेले छोटेसे गाढव डोळ्यांवर पट्टी बांधून गोल फिरत राही. दक्षिण सार्डिनियात गाढवाला आजही ‘मोलेंती’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ आहे दळणारा. जनावराचे नावच त्याच्या कामावरून पडावे इतके ते दळणाशी जोडले गेले होते. दळलेले पीठ वेगवेगळ्या चाळण्यांनी चाळून रवा, बारीक पीठ आणि कोंडा वेगळा करत. कारासाउसाठी बारीक रवा, कोंडा जनावरांना.

भट्टीचा दिवस हा घरातला मोठा दिवस. तो रोज येत नसे. लाकडे, वेळ आणि माणूसबळ सगळेच जमवावे लागे, म्हणून दोन-तीन आठवड्यांची किंवा त्याहून जास्त दिवसांची रोटी एकदमच होई. एका बाईचे हे कामच नव्हे. एक लाटायला, एक भट्टीपाशी, एक पापुद्रे सोडवायला, अशा निदान तिघी हव्यात. शेजारणी, बहिणी, जावा येत. आज मी तुझ्याकडे, पुढच्या आठवड्यात तू माझ्याकडे. या पद्धतीला तिथे ‘परत केलेली मदत’ म्हणतात. आपल्या शेतकऱ्यांत जिला सावड म्हणतात तीच ही. पैशाचा संबंध नसे. ज्यांनी हात लावला त्यांना निघताना ताज्या रोट्या मिळत.

तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होई. मागच्या खेपेच्या कणकेतला एक गोळा आंबवण म्हणून राखून ठेवलेला असे. त्याला ‘मद्रीगे’ म्हणतात. शब्दाच्या मुळाशी आई आहे. ज्या घरची मद्रीगे संपली वा बिघडली त्या घराने शेजारून मागून आणायची, जसे आपण विरजण मागून आणतो. तिच्यात कोमट पाणी आणि रवा घालून ती जागी करायची. मग लाकडी काठवटीत सगळी कणीक भिजवायची, मीठ घालायचे आणि मळायला बसायचे. ड्यूरमच्या रव्याची कणीक घट्ट, हट्टी असते. मुठींनी, मनगटांनी, अंगाचा भार टाकून ती तासभर तरी तुडवावी लागे. थोडे पाणी, पुन्हा मळणे, पुन्हा थोडे पाणी. हाताला रेशमासारखी लागेपर्यंत सुटका नाही. मळून झाली की वर क्रुसाची खूण करायची आणि लोकरीच्या जाड पांघरुणाखाली ती ठेवून द्यायची.

पहाट व्हायच्या कितीतरी आधी, रात्रीच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रहरी, बायका उठत. फुगलेल्या कणकेचे सारखे गोळे करून ते पीठ भुरभुरून तागाच्या लांबच लांब कापडाच्या घड्यांत मांडत; दोन गोळे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून दोहोंमध्ये कापडाची एक घडी. दुसऱ्यांदा थोडे फुगले की लाटायला घ्यायचे. लाटणे सरळ, बारीक आणि लांब. गोळ्याची दोन-तीन मिलिमीटर जाडीची चकती होई, व्यास तीस-चाळीस सेंटिमीटरचा. इथे हात चुकला तर पुढचे सगळे चुकले. एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ झाली तर रोटी धड फुगत नाही. बारीकशी चीर पडली तर वाफ तिथूनच निसटते. लाटलेल्या चकत्या पुन्हा कापडाच्या घड्यांत जात आणि त्या घड्यांची उंच चळत भट्टीजवळ ठेवली जाई.

भट्टी दगड-विटांची, घुमटाकार. ओक किंवा ऑलिव्हची लाकडे तिच्यात दोन-तीन तास जाळायची, मग निखारे एका बाजूला सारून तळ झाडून घ्यायचा. आतली धग साडेचारशे-पाचशे अंशांच्या घरात असते. लांब दांड्याच्या पातळ फळीवर चकती घेऊन ती भट्टीच्या तळावर सरकवायची. काही सेकंदांत तिच्यावर फोड उठतात, फोड एकमेकांत मिसळतात आणि सपाट चकतीचा बघता बघता चेंडू होतो. भट्टीपाशी बसलेल्या बाईला हा क्षण पकडावा लागतो. फुगायच्या आत काढली तर पापुद्रे सुटत नाहीत. क्षणभर जास्त ठेवली तर कडा कडक होऊन चिरतात आणि सोडवताना तुकडे पडतात. तोंडावर धग घेत, तासन्‌तास, एका वेळी एक, अशा शेकडो रोट्या ती काढत असे. सगळ्यांत जाणत्या बाईलाच ही जागा मिळे.

फुगलेली रोटी बाहेर आली की लगेच तिसरीच्या हातात. ती चेंडू दाबून हवा काढते, सुरीने किंवा बोटांनी कडेची शिवण उकलत गोल फिरते आणि वरचा पापुद्रा खालच्यापासून अलगद उचलते. वाफ अजून आत असते. बोटे पोळतात, पण थांबायची सोय नाही, कारण निवली की दोन्ही पापुद्रे पुन्हा चिकटून बसतात. सुटलेल्या प्रत्येक पानाची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी, म्हणजे आतली, खरबरीत असते. ही पाने एकावर एक रचायची, वर फळी आणि वजन ठेवायचे, म्हणजे ती वाकडी होत नाहीत. या अवस्थेतल्या मऊ रोटीला ‘पाने लेन्तू’ म्हणतात. भट्टीच्या दिवशी घरात तीच खायची. पोरे तिच्यासाठी घुटमळत असत.

सगळी पाने सुटून झाली की दुसरी भाजणी, जिच्यावरून रोटीचे नाव पडले ती. भट्टीची धग आता थोडी उतरलेली असते. एकेक पान आत जाते, क्षणभरात त्याच्यावर सोनेरी छटा येते, त्यातले उरलेसुरले पाणी निघून जाते आणि ते वाजू लागते. संध्याकाळपर्यंत पानांच्या चळती उभ्या राहत. तागाच्या कापडात बांधून त्या टोपल्यांत किंवा लाकडी पेटीत जात.

या रोटीच्या टिकाऊपणात कुठलेही गुप्त मसाले नाहीत. बुरशीला वाढायला पाणी लागते आणि दोन भाजण्यांनंतर तिला उपयोगी पडेल एवढे पाणी रोटीत उरतच नाही. पाव शिळा होणे ही गोष्ट वेगळी. मऊ पावातला स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पाव चामट होतो. ही घडामोड व्हायलाही पाव ओलसर असावा लागतो. कारासाउ मुळातच कोरडी असल्यामुळे ती या अर्थाने शिळीच होत नाही. पातळपणाचे कारणही हेच: जाड रोटी बाहेरून कडक झाली तरी तिच्या पोटात ओल राहते, एका पापुद्र्याला पोटच नसते. चकती फुगते ती फुलक्याच्याच न्यायाने. दोन्ही पृष्ठभाग धगीने लगेच धरतात, मधल्या ओल्या थराची वाफ होते आणि ती दोन्ही बाजूंना रेटते. आंबवणामुळे मधल्या थरात आधीच बारीक पोकळ्या झालेल्या असतात, म्हणून पापुद्रे नीट सुटतात, शिवाय रोटीला किंचित आंबूस चव येते. तिचा एकच शत्रू, दमट हवा. सादळली तर पुन्हा शेकली की पूर्ववत.

दोनदा भाजून किंवा वाळवून रोटी टिकवण्याची ही युक्ती एकट्या सार्डिनियाची नाही. आर्मेनियात लवाश वाळवून ठेवतात आणि खाताना पाणी शिंपडतात. स्वीडनमध्ये राईची कडक रोटी आहे. सोलापूरकडची ज्वारी-बाजरीची पातळ कडक भाकरी त्याच कुळातली. पण फुगलेली रोटी चिरून तिची दोन पाने करायची आणि दोन्ही पुन्हा भाजायची, हे कसब सार्डिनियाने जेवढे साधले तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणी.

रानात ही रोटी खाण्याची पद्धत साधीच होती. नुसती मोडून चीजबरोबर, ताज्या रिकोत्ताबरोबर किंवा वाडग्यातल्या गरम दुधात चुरून. मांस भाजले की बुचाच्या झाडाच्या सालीच्या तबकावर आधी कारासाउची पाने अंथरायची आणि त्यांवर मांस ठेवायचे. निथळलेला रस रोटी शोषून घेते आणि शेवटी तीच सर्वांत चवदार लागते. घरी निखाऱ्यांवर शेकून तिच्यावर ऑलिव्हचे तेल आणि मीठ टाकले की ‘पाने गुत्तियाउ’ झाले. गुत्तियाउ म्हणजे थेंब थेंब शिंपडलेले. सर्वांत प्रसिद्ध पदार्थ ‘पाने फ्रात्ताउ’. मेंढीच्या मांसाच्या उकळत्या रश्शात किंवा मीठ घातलेल्या पाण्यात पाने क्षणभर बुडवून काढायची, ताटात थर लावायचे, प्रत्येक थरावर टोमॅटोचा रस्सा आणि किसलेले पेकोरीनो, वर पाण्यात उकळून घेतलेले बिनकवचाचे अंडे. तुटलेल्या पानांचेही हे असे भरपेट जेवण होते. टोमॅटो अमेरिकेतून युरोपात आला तो सोळाव्या शतकात आणि डोंगरातल्या स्वयंपाकात रुजायला त्याला आणखी काळ लागला. तेव्हा आजच्या रूपातले फ्रात्ताउ फार जुने नाही. रोटी रश्शात भिजवून खाण्याची सवय मात्र त्याच्या आधीची असणारच.

या सगळ्याची लेखी नोंद तिथल्याच एका लेखिकेने घेतली, ही समाधानाची गोष्ट. ग्राझिया देलेद्दा १८७१ मध्ये नुओरोत जन्मली. विशीत असतानाच तिने आपल्या गावच्या लोकपरंपरांवर विस्ताराने लिहिले आणि पुढे तिच्या कादंबऱ्यांतून बार्बाजाचे घरदार, चुली आणि मेंढपाळ जगाला माहीत झाले. १९२६ चे साहित्याचे नोबेल तिला मिळाले. माक्स लेओपोल्ड वाग्नर हा जर्मन भाषाशास्त्रज्ञ या बेटावर गावोगाव हिंडला आणि १९२१ मध्ये त्याने सार्डिनियाचे ग्रामीण जीवन तिथल्या शब्दांच्या आरशात दाखवणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. दळणाकांडणाचे, मळण्याचे, भाजण्याचे बारीकसारीक शब्द त्यामुळे जपले गेले. मळणे, फुगू देणे, गोळे मांडणे, लाटणे, भाजणे, उकलणे, कडक करणे या प्रत्येक पायरीला तिथे स्वतंत्र क्रियापद आहे आणि काही क्रियापदे गावागणिक बदलतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे घरगुती जग झपाट्याने बदलले. १९५०-६० च्या दशकांत हजारो सार्डिनियन माणसे कामासाठी मिलान-तुरीनकडे आणि जर्मनीकडे गेली. जे राहिले त्यांच्या कुरणांपर्यंत रस्ते गेले, गाड्या आल्या, कळप एका जागी स्थिरावले. मेंढपाळ संध्याकाळी घरी येऊ लागला. महिनाभर टिकणाऱ्या रोटीची निकड संपली. घरच्या भट्ट्या थंडावल्या आणि गावागावांत छोटे भट्टीखाने निघाले. अनेक ठिकाणी हे भट्टीखाने त्याच बायकांनी काढले ज्यांचे हात लहानपणापासून या कामात होते. ज्या रोटीची गरज संपली ती रोटी संपली नाही, उलट बेटाबाहेर गेली. बेट सोडून गेलेल्यांना ती हवी होती, आणि हलकी, न नासणारी म्हणून ती पाठवायलाही सोपी होती. मेंढपाळाच्या पिशवीसाठी जे गुण लागत तेच आता निर्यातीच्या खोक्यासाठी उपयोगी पडले.

२००४ मध्ये या बेटाच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात शंभरी गाठणाऱ्या पुरुषांचे प्रमाण असाधारण असल्याचे एका अभ्यासात दाखवले गेले. तेव्हापासून कारासाउला दीर्घायुष्याची रोटी म्हणून खपवण्याचा प्रकार सुरू झाला आहे. हे योग्य नाही. ती माणसे आयुष्यभर डोंगर चढली-उतरली, बेताने जेवली, भरल्या घरात म्हातारी झाली. त्यांच्या वयाचे श्रेय एका रोटीला देणे हा रोटीवरही अन्याय आणि माणसांवरही.

रोटी पाहायची असेल तर शरद ऋतूत बार्बाजाच्या गावांत जावे. १९९० च्या दशकात ओलिएनात लोकांनी आपल्या जुन्या घरांची अंगणे पाहुण्यांसाठी उघडायला सुरुवात केली. आता सप्टेंबर ते डिसेंबर प्रत्येक शनिवार-रविवारी वेगवेगळी गावे ते करतात आणि अंगणातल्या भट्टीवर वयस्क बायका कारासाउ करून दाखवतात. नुओरोच्या लोकजीवन संग्रहालयात बेटावरच्या पारंपरिक पावांचा मोठा संग्रह आहे आणि बोरोरे या गावात तर विधींच्या पावांचे स्वतंत्र संग्रहालयच आहे.

बाजारातली पाकिटे सारख्या दर्जाची नसतात. घटकांच्या यादीत ड्यूरमचा रवा, पाणी, मीठ आणि आंबवण किंवा यीस्ट यापलीकडे काही असण्याचे कारण नाही. चांगल्या पानाची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरबरीत असते, कुठेकुठे करपल्याचे ठिपके असतात आणि गोलाई थोडी वाकडीतिकडी असते. मोठ्या कारखान्यांत आता मळणे आणि लाटणे यंत्रे करतात, चकत्या सरकत्या पट्ट्यावरून भट्टीत जातात. पण फुगलेली रोटी उकलून तिची दोन पाने करायचे काम बऱ्याच भट्टीखान्यांत अजून हातानेच होते, आणि मेंढपाळांची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रोटीवरचे ते हात आजही बहुतेक बायकांचेच असतात.